बर्गन (नॉर्वे): आईबाबांबरोबर काय बघावं, काय सोडावं?

भटकी_भवानी
नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बर्गनला जायचं ठरतंय. आम्ही हॅम्बुर्गला असतो, आईबाबा पुण्याहून येताहेत, बरोबर ८ वर्षांची लेक. बाबा सत्तरीच्या पुढचे, गुडघे सोडले तर ठणठणीत. आई शाकाहारी, म्हणजे बाबांना मासे करून घालते पण स्वतः खात नाही. ऑस्लो वगैरे काही करायचं नाहीये, एकाच गावात चार-पाच दिवस निवांत राहायचंय. प्रश्न असे की डोंगरांपैकी फ्लॉयन करू की उल्रिकन, की दोन्ही? ती ट्रेन-बस-बोटीची नॉर्वे इन अ नटशेलवाली टूर एका दिवसात आईबाबांना झेपेल का? पावसाचं काय? आणि एका व्हिडिओत तो माणूस म्हणाला की ब्रिगन, म्हणजे बंदरावरची ती जुनी लाकडी घरं, वीस मिनिटांत संपतं, तर खरंच का? तपशीलवार उत्तरं आली तर आईकडून सगळ्यांना आभासी पुरणपोळी.

नुसता_वाचक
वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि थोडी जळजळ.

फ्योर्डवाला
बरीच वर्षं बर्गनला आहे त्यामुळे लांबण लागणार, आधीच माफी.

पहिली गोष्ट पावसाची, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून. मुंबईत जून ते सप्टेंबर चार महिन्यांत जेवढा पडतो साधारण तेवढाच, सव्वादोन-अडीच हजार मिमी, इथे वर्षभरात पडतो, पण तो बारा महिने पुरवून पुरवून. अटलांटिकवरून ओलं वारं येतं आणि किनाऱ्याला लागूनच डोंगर उभे असल्यामुळे वर चढतं, थंड होतं आणि सगळं आमच्या डोक्यावर रिकामं करतं. घाटमाथ्यावर होतं तेच, फक्त इथे घाटाच्या पायथ्याशी अख्खं शहर बसलंय. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे महिने म्हणून तुमची वेळ उत्तम आहे, पण कोरडे म्हणजे पाऊस नाहीच असं समजू नका.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की सोमवारी हे, मंगळवारी ते असा तक्ता करून येऊच नका. दोन याद्या करा, एक उघाडीची, एक पावसाची, आणि रोज सकाळी उठून ‘यर’ ॲप बघून ठरवा. यर म्हणजे त्यांच्या हवामान खात्याचं आणि सरकारी वाहिनीचं मिळून चालवलेलं आहे, तासातासाचा अंदाज देतं. उघाड दिसली की हातातलं सोडून डोंगरावर जायचं. इथे डोंगर असे घराला लागून आहेत की दुपारी चार वाजता ढग फाटले तरी पाचला तुम्ही वर असता, आणि जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या आसपास मावळतो, त्यामुळे उशीर असा होतच नाही. माणसं तिकिटं महिनाभर आधी काढतात आणि मग ऐन वेळी ढगात उभं राहून पांढरा पडदा बघतात, नेहमीचं दृश्य आहे.

फ्लॉयन की उल्रिकन: आईबाबांबरोबर फ्लॉयन. मासळी बाजारापासून पाच मिनिटांवर स्टेशन आहे, १९१८ पासून चालू असलेली फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढाची रेल्वे) सात-आठ मिनिटांत ३२० मीटरवर नेऊन सोडते. वर सपाट रस्ते, बाबागाडीसुद्धा जाते. लेकीला खेळायला जागा, उन्हाळ्यात काश्मिरी जातीच्या बकऱ्या मोकळ्या फिरत असतात, गळ्यात जीपीएसचे पट्टे घालून. दहा-पंधरा मिनिटं चालत गेलात तर जंगलात तळं आहे. उल्रिकन ६४३ मीटर, बर्गनभोवतीच्या साताही डोंगरांत सगळ्यात उंच, केबल कारने जायचं, पण वर उघडा खडक आणि भन्नाट वारा, वारा फार झाला की केबल कार बंदच ठेवतात. हवा स्वच्छ असेल तर तिथून बाहेरची बेटं आणि समुद्र दिसतो, ते फ्लॉयनवरून तेवढं नाही दिसत.

बाकी नंतर लिहितो, ट्राम आली.

गणपुले_नाहीये
आम्ही क्रूझने गेलो होतो. सकाळी उतरलो, ब्रिगन, मासळी बाजार, फ्युनिक्युलर, दुपारी बोटीवर परत. प्रामाणिकपणे सांगायचं तर अर्धा दिवस पुष्कळ आहे. चार-पाच दिवस तिथे काय करणार, उगाच पैशाची नासाडी. मासळी बाजारात खेकड्याच्या प्लेटचा भाव बघितला, मनातल्या मनात आठ-नऊने गुणलं आणि पोट भरलं.

पोहेप्रेमी
गुणाकार करायचाच नसतो हो नॉर्वेत. विमानतळावर उतरल्या उतरल्या कॅल्क्युलेटर डिलीट.

सुक्याबोंबील
गपुना, ब्रिगन वीस मिनिटांत संपतं ते समोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांचं. ते दर्शनी रंगीत त्रिकोणी तोंड म्हणजे नुसता दरवाजा आहे, खरं ब्रिगन मागे आहे. दोन घरांमधल्या लाकडी बोळांतून आत शिरायचं, वर बघायचं, सज्जे एकमेकांवर कललेले, पायाखाली फळ्या, पावसात तर त्या लाकडाला असा वास येतो की बस्स.

इथे चौदाव्या शतकाच्या मध्यापासून, साधारण १३६० पासून, हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती, ती थेट १७५४ पर्यंत. ल्युबेकचे लोक मुख्य. हॅम्बुर्गवाल्या ताई, तुमच्याच बाजूचे. धंदा एकच, सुका मासा. वर उत्तरेला लोफोटेनमध्ये कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात महिनोन्‌महिने टांगून सुकवतात, आपल्याकडे सातपाटी-वेसाव्याला बोंबील सुकतात तसा, फक्त उन्हाऐवजी थंडी. तो लाकडासारखा टणक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. उत्तरेचे लोक तो इथे आणायचे, जर्मन त्याबदल्यात धान्य द्यायचे आणि मासा अख्ख्या युरोपात विकायचे, उपासाच्या काळात मांस चालत नसल्यामुळे गिऱ्हाईक ठरलेलं. बर्गन श्रीमंत झालं ते या वाळक्या माशावर. (माझा आयडी बघून कळलंच असेल की मी या विषयावर का पेटतो.)

वखारीत राहणाऱ्या जर्मन पुरुषांना लग्न करायची बंदी होती. शिकाऊ पोरं एका खोलीत दाटीवाटीने, आणि लाकडी घरं म्हणून आत विस्तव पेटवायचा नाही, नॉर्वेच्या हिवाळ्यात! स्वयंपाक आणि शेक यासाठी मागच्या बाजूला वेगळी सभागृहं होती, शॉटस्टुएने म्हणतात, ती बघता येतात, जरूर बघा. हान्सा म्युझियमचं मूळ घर मात्र २०१८ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केलंय, जायच्या आधी साइट बघून घ्या.

एवढी काळजी घेऊनही १७०२ ला सगळं जळलं. आत्ता दिसतं ते त्यानंतर जुन्या आखणीवरच परत बांधलेलं. १९५५ ला पुन्हा आग लागली आणि एक भाग गेला, पण त्या जळक्या जागेत उत्खनन झालं आणि खाली मध्ययुगीन बर्गन सापडलं. लाकडाच्या ढलप्यांवर कोरलेले रूनिक या तिकडच्या जुन्या लिपीतले शेकडो मजकूर निघाले, मालाच्या चिठ्ठ्या, प्रेमाचे निरोप, शिव्या. त्यातली एक चिठ्ठी तर प्रसिद्धच आहे, “ग्यूदा म्हणते, तू घरी ये.” मागे उत्तर लिहायचा प्रयत्न केलेला दिसतो पण ते धड वाचता येत नाही. ब्रिगन्स म्युझियम त्याच जागेवर उभं आहे, पाऊस लागला की तिथे घुसायचं. युनेस्कोच्या यादीत हे १९७९ पासून आहे.

वीस मिनिटं म्हणे.

पोहेप्रेमी
“तू घरी ये” हा मेसेज मला रोज संध्याकाळी येतो आणि माझंही उत्तर धड वाचता येत नाही.

भटकी_भवानी
सुबों, बाबांना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, ते खूश. म्हणाले हा माणूस कुठला, याला जेवायला बोलवा.

डॉ_विसराळू
कोणीच कसं लिहिलं नाही म्हणून लिहितोय. पावसाच्या यादीत सेंट यॉर्गन्स हॉस्पिटल टाका, तिथे कुष्ठरोगाचं म्युझियम आहे. नाव ऐकून लोक पुढे जातात. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा रोग भरपूर होता, बर्गनमध्ये या रोग्यांची तीन-तीन हॉस्पिटलं होती. सेंट यॉर्गन्स त्यातलं सगळ्यात जुनं, पंधराव्या शतकापासूनचं, आत्ताची लाकडी इमारत १७०२ च्या आगीनंतरची. मधे उंच हॉल, दोन्ही बाजूंना दोन मजल्यांवर इवल्या इवल्या खोल्या, एकेका खोलीत दोन दोन रोगी, आयुष्यभर. शेवटचे दोन रोगी १९४६ मध्ये वारले.

आणि याच गावात १८७३ मध्ये आरमाउअर हान्सेनने या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. हान्सेन्स डिसीज तो हाच. तेव्हा सगळ्या मोठ्या डॉक्टरांचं मत होतं की हा आनुवंशिक आहे, आणि त्या मताचा सगळ्यात वजनदार माणूस डॅनियलसन, तो हान्सेनचा सासरा! सासऱ्याच्या विरोधात जाऊन त्याने मांडलं की हा संसर्गाने होतो. त्याला मदत झाली ती रजिस्टरची. नॉर्वेने १८५६ पासून देशातल्या प्रत्येक कुष्ठरोग्याची नोंद ठेवली होती, एखाद्या रोगाची अशी देशव्यापी नोंदवही जगात पहिली. ती सगळी कागदपत्रं आता युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहेत.

भटकी_भवानी
डॉक्टर, तुम्ही काय करून ठेवलंय तुम्हाला माहीत नाही. बाबा आरोग्य खात्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून रिटायर झालेत. विदर्भात गावोगाव सायकलवर फिरून चट्टे तपासायचे, आमचं लहानपण त्या पिवळ्या-लाल गोळ्यांच्या पाकिटांच्या गप्पा ऐकण्यात गेलं. त्यांना सांगितलं की हान्सेन बर्गनचा. ते म्हणाले मला माहीत आहे, मी विचारणारच होतो पण म्हटलं तुमच्या सहलीत कशाला. आता फ्योर्ड बीर्ड राहिलं बाजूला, पहिला नंबर हॉस्पिटलचा.

गणपुले_नाहीये
वा. हे आम्हाला क्रूझवाल्यांनी सांगितलंच नाही.

सुक्याबोंबील
क्रूझवाले फक्त परत कधी यायचं ते सांगतात. हलके घ्या.

डॉ_विसराळू
भवानी, मग बाबांशी एक गोष्ट आधीच बोलून ठेवा, तिथे ती समोर येईलच. हान्सेनला तो जंतू प्रयोगशाळेत वाढवता येईना (तो आजही कृत्रिम माध्यमात वाढत नाही), म्हणून १८७९ मध्ये त्याने हॉस्पिटलमधल्या एका रोगी बाईच्या डोळ्यात दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला अंश टोचला, तिची परवानगी न घेता. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८० मध्ये त्याची हॉस्पिटलमधली जागा गेली. पण देशाचा मुख्य कुष्ठरोग अधिकारी म्हणून तो शेवटपर्यंत राहिला. त्याच्याच काळात रोग्यांना घरादारापासून वेगळं करायचे कायदे झाले, १८७७ आणि १८८५ चे. माझ्या मते शोध मोठा, माणूस तेवढा नाही. ज्यांनी प्रत्यक्ष रोग्यांमध्ये काम केलंय त्यांचं मत ऐकायला आवडेल.

भटकी_भवानी
बाबांचा निरोप, जसाच्या तसा: “हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नाही. त्या बाईचं नाव तिथे लिहिलंय का ते बघणार. आमच्याकडे लोक मोकळे दाखवायला यायचे ते आमच्यावर विश्वास होता म्हणून, तो एकदा गेला की ते गाव गेलं. बाबा आमट्यांना लोक मानायचे ते काही गोळ्यांसाठी नाही.” आता ते त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करत सुटलेत.

डॉ_विसराळू
नाव आहे त्या प्रकरणाच्या नोंदीत. बाबांना नमस्कार सांगा.

पायपीट
विषय बदलतो. कोणी तरुण मंडळी वाचत असतील तर बर्गनच्याच सांडविकन भागात जाऊन स्टोल्ट्सेक्लायवन ही वाट चढा. सरळ उभ्या दगडी पायऱ्या, तीनशेच्या वर मीटर चढ, बर्गनची माणसं ऑफिस सुटल्यावर तिथे घड्याळ लावून पळत जातात आणि आपण मधेच बसून निसर्ग बघतोय असं दाखवायचं. उल्रिकनच्या बाजूला ऑपस्टेम्टन म्हणून १३३३ पायऱ्यांची वाट आहे, ती तर नेपाळच्या शेर्पांनी येऊन बांधलीये. दगड न्‌ दगड हाताने बसवलेला, हलत नाही. सगळ्यात भारी म्हणजे उल्रिकन ते फ्लॉयन माथ्यामाथ्याने चालत जायचं, विड्डन म्हणतात त्या पठाराला, पाच-सहा तास लागतात, पण धुकं असेल तर करू नका, वर खुणेला झाडही नाही.

फ्योर्डवाला
विड्डनला +१, धुक्याच्या इशाऱ्याला +१००. दरवर्षी कोणीतरी स्नीकर घालून जातं आणि मग शोधायला माणसं पाठवावी लागतात.

आता नटशेल. बर्गनहून ट्रेनने व्हॉस, तिथून बसने गुडवांगन, मग बोटीने नॅरॉयफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) करत फ्लॉम, फ्लॉमहून डोंगरगाडीने मिरडाल आणि परत ट्रेनने बर्गन. सुंदर आहे यात वादच नाही, नॅरॉयफ्योर्ड काही ठिकाणी अडीचशे मीटरच रुंद आहे आणि दोन्हीकडे भिंती. फ्लॉमची गाडी २० किमीत समुद्रसपाटीपासून ८६६ मीटर चढते. पण दिवस दहा-बारा तासांचा होतो, चार वेळा वाहन बदलायचं, सामान-स्वेटर-नात सांभाळत. सत्तरीच्या गुडघ्यांना मी तरी एका दिवसात लावणार नाही. त्यापेक्षा बर्गनच्या धक्क्यावरूनच मॉस्ट्राउमनची बोट सुटते, साडेतीन तासांत ऑस्टरफ्योर्ड करून परत आणते, अरुंद खाडीतून जाते, धबधब्याच्या जवळ नेते, आत काचेमागे उबेला बसायची सोय. आणि पाऊस असेल तर धबधबे उलट जास्त चांगले दिसतात, म्हणून ही तुमच्या पावसाच्या यादीत.

पोहेप्रेमी
असहमत. एवढ्या लांब जाऊन नॅरॉयफ्योर्ड नाही बघायचा? माझ्या सासूबाई ७४ च्या, आरामात केलं. सगळं बसूनच तर असतं. वाटल्यास फ्लॉमला एक रात्र राहा आणि दोन दिवसांत विभागा. आणि तिकिटं वेगवेगळी काढता येतात, पॅकेजच घेतलं पाहिजे असं काही नाही, फक्त जूनमध्ये फ्लॉमच्या गाडीचं आधी काढा.

फ्योर्डवाला
फ्लॉमला रात्र राहायची कल्पना मान्य. दिवसाच्या बोटी गेल्या की गाव रिकामं होतं, तेव्हाच ते बघण्यासारखं.

गणपुले_नाहीये
आईंच्या जेवणाचं कोणी बोलतच नाहीये.

पोहेप्रेमी
किचनवाली जागा घ्या, विषय संपला. किवी, रेमा १०००, कूप या दुकानांत डाळी, तांदूळ, दही, भाज्या सगळं मिळतं. फक्त रविवारी मोठी दुकानं बंद, शनिवारीच भरून ठेवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी गार आणि गोड. बाहेर खायचं तर शिलिंग्सबोले म्हणजे दालचिनी लावलेला गोल बन, बर्गनचा खास, आईंना चालेल (अंडं चालत असेल तर विचारून घ्या). मासे खाणाऱ्यांनी फिश सूप घ्यावं, मलईदार, किंचित आंबटगोड. तपकिरी चीज आणून बघा, लेकीला आवडेल, गोडसर खव्याच्या वळणावर जातं. बाबांना साहस करायचं असेल तर ट्रेक्रोनेरन नावाच्या टपरीवर रेनडिअरचं सॉसेज. रोख पैसे लागत नाहीत, टॉयलेटलासुद्धा कार्ड.

नुसता_वाचक
डिसेंबरमध्ये गेलं तर? नॉर्दर्न लाइट्स दिसतात का?

फ्योर्डवाला
बर्गनला त्यासाठी येऊ नका, फार दक्षिणेला आहे आणि वर ढग. ट्रॉम्सोला जा, तेही डोंगरांनी वेढलेलं बंदरच. डिसेंबरमध्ये इथे साडेतीनला अंधार पडतो. पण मुलं असतील तर जिंजरब्रेडच्या बिस्किटांचं अख्खं छोटं शहर मांडतात, शाळा-बालवाड्यांतली पोरं घरं करून देतात, १९९१ पासूनची प्रथा. वास इतका सुटतो की बाहेर आल्यावर काहीतरी खावंच लागतं.

सुक्याबोंबील
किल्ला राहिला की हो. बर्गनहूसमधला होकोन राजाचा दगडी हॉल १२६१ चा, राजपुत्राच्या लग्नात वापरलेला. २० एप्रिल १९४४ ला, जर्मन ताब्यात असताना, बंदरात स्फोटकांनी भरलेलं एक डच जहाज उडालं, दीडशेच्या वर माणसं गेली, हॉलचं छप्पर गेलं, आणि जहाजाचा नांगर उडून सांडविकनच्या डोंगरावर पडला. हॉल नंतर दुरुस्त केला. ब्रिगन त्यातूनही उभं राहिलं, हेच आश्चर्य. हॉलच्या शेजारचा रोझेनक्रान्ट्झ मनोरा चढायचा तर जिने फार अरुंद आहेत, बाबांनी खालूनच बघावा.

पायपीट
ट्राम विसरू नका! विमानतळावरून थेट गावात येते, पाऊण तास, टॅक्सीचा विचारही करू नका. त्याच लाइनवर फान्टॉफ्टचं लाकडी चर्च (मूळ साधारण ११५० चं, १९९२ ला कोणीतरी जाळलं, आहे ते परत बांधलेलं) आणि पुढे हॉप स्टॉपवर उतरून वीसेक मिनिटं चाललं की ग्रीग या संगीतकाराचं घर, ट्रोल्डहाउगन. तळ्याकाठी त्याची लाकडी झोपडी आहे, त्यात बसून तो लिहायचा. उंची १५२ सेंमी, तिथला पुतळा त्याच मापाचा केलाय, तुमच्या लेकीला शेजारी उभी करून फोटो काढा. त्याच्या आणि बायकोच्या अस्थी समोरच्या कड्याच्या खडकात ठेवल्यात. उन्हाळ्यात दुपारी अर्ध्या तासाची मैफल असते, स्टेजच्या मागे काच आणि काचेपलीकडे तळं.

भटकी_भवानी
धन्स धन्स धन्स. मग असं ठरतंय. उघाड: फ्लॉयन, गावातल्या नॉर्डनेस भागातल्या गल्ल्या, वारा नसेल तर उल्रिकन. पाऊस: सेंट यॉर्गन्स, ब्रिगन्स म्युझियम, शॉटस्टुएने, मॉस्ट्राउमनची बोट. ट्रोल्डहाउगन कधीही. फ्लॉमला एक रात्र की नाही यावर घरात मतदान चालू आहे, आईबाबा विरुद्ध आम्ही, लेक विकली गेलीये बकऱ्यांना. छत्र्या चार पुरतील ना?

फ्योर्डवाला
छत्र्या एकही आणू नका, वाऱ्याने पहिल्याच दिवशी उलट्या होतात, कचऱ्याच्या डब्यांत बघालच. रेनकोट, आणि त्याची पँट पण. सेंट यॉर्गन्सला पावसाच्या यादीतून काढा आणि वार ठरवून जा, ते रोज उघडं असेलच असं नाही, वेळा आधी साइटवर बघा. बाबांना नोंदी बघायच्या असतील तर म्युझियमला आधी मेल टाकून ठेवा. फ्लॉयनला सकाळी नवाच्या आत किंवा रात्री आठनंतर जा, क्रूझवाले त्या वेळी नसतात.

गणपुले_नाहीये
ऐकतोय मी.